आपलं ठाणं कोणी घडवलं? आठवणी टाका

१६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी सगळ्यांना पाठ आहे, ती सोडून लिहा. घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं, स्वतः पाहिलेलं, काहीही चालेल. नवी मुंबईकरांनीपण या.

चरईकर:
पी. सावळाराम! गीतकार म्हणून महाराष्ट्राला माहीत, पण आमच्या आजोबांसाठी आधी नगराध्यक्ष. रेडिओवर गाणं लागलं की म्हणायचे, आपल्या नगराध्यक्षांचं लागलंय, आवाज वाढव.

कळवा नाका:
आमची शाळा जेलपासून जवळ. सर गणित मध्येच थांबवून सांगायचे की हा मूळचा किल्ला, १७३७ ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, आणि इथेच १९ एप्रिल १९१० ला नाशिकच्या जॅक्सनला मारणाऱ्या क्रांतिकारक अनंत कान्हेरेंना फाशी दिली, वय १८. वर्गात एकदम शांतता, कारण आम्ही तेव्हा पंधरा-सोळाचे. गणित राहिलं कच्चं ते राहिलंच.

जासईची सून:
ठाण्याचं नाही, पण लिहिते. १९८४ चा जानेवारी, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठी जासईला आंदोलन, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील पुढे. दोन दिवस गोळीबार झाला, पाच जण गेले. सासूबाई तेव्हा मोर्च्यात होत्या, अजून सांगतात की बायका पोरं काखेत घेऊन आलेल्या, भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या, कोणाला वाटलंच नव्हतं गोळ्या सुटतील, पळताना चपला तिथेच राहिल्या. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क लोकांना मिळाला तो या लढ्यामुळे, हे टॉवरमध्ये राहायला येणाऱ्यांना कोण सांगणार? २०२१ ला नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून बेलापूरला मोर्चा निघाला तेव्हा सासूबाई गुडघे दुखत असूनही तयार होऊन बसल्या, त्यांना घरी थांबवताना आमची पुरेवाट झाली.

नौपाडा:
मराठी ग्रंथ संग्रहालय, १८९३ पासूनचं. आमच्याकडे रेशनकार्डाइतकंच तिथलं सभासद कार्ड जपायचे.

टेंभीनाका जुना:
राजकारण बाजूला ठेवा (ठेवणार नाही कोणी, माहितीये). शिवसेनेच्या आनंद दिघेंकडे रात्री उशिरापर्यंत लोक बसलेले असायचे. चाळीतल्या पाण्याची तक्रार घेऊन आई शेजारणींना घेऊन गेली, मी लहान, तिथेच झोपलो. पाणी आलं का? आलं, चार महिने. मग परत गेली. २००१ ला ते गेल्यावर आईने दोन दिवस टीव्ही लावू दिला नाही.

चरईकर:
अरे आपलं नाट्यगृह, गडकरी रंगायतन राहिलं ना, १९७८ चं! कोणाकडे पहिल्या वर्षातलं तिकीट असेल तर फोटो टाका.