गिझर दिवसभर चालू ठेवावा की टायमर लावावा?

पहाटपाळी
आमचा गिझर ५० लिटरचा, २ किलोवॅटचा. चोवीस तास चालूच असतो, कारण कुणाच्याच अंघोळीची वेळ जुळत नाही. मी साडेपाचला, नवरा सहाला, मुलगी सातला. आई मात्र अकराशिवाय बाथरूमकडे फिरकत नाही. सकाळी तिचे सांधे इतके आखडलेले असतात की कोमट पाण्याने भागत नाही. नवरा म्हणतो, बंद करून पुन्हा तापवायला जास्त वीज जाते, त्यापेक्षा चालूच बरा. तरी मागच्या आठवड्यात मी टायमर लावला, प्रत्येक अंघोळीच्या अर्धा तास आधी चालू होईल असा. पाणी जेमतेम कोमट झालं. आईने तशीच अंघोळ उरकली आणि मला चकार शब्द बोलली नाही, मुलीकडून कळलं. मला फार वाईट वाटलं. टायमर काढून ठेवलाय.

बिल कमी व्हायला हवंय, पण आईच्या अंगावर पुन्हा गार पाणी पडता कामा नये. तिच्या खोलीतला ऑइल हीटरही रात्रभर असतो. काय करू?

तारजोडणी
ताई, तुमच्या मिस्टरांचा समज खूप घरांत आहे, पण तो चूक आहे. टाकीतून उष्णता सतत बाहेर झिरपते, आणि आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जितकं गरम तितकी जास्त झिरपते. बंद टाकी निवत जाते तशी गळती कमी होते. साध्या कॉइलच्या गिझरला बंद ठेवलेल्या वेळेचा फायदाच होतो.

पण फायदा किती, ते आधी मोजा. गिझरच्या लाइनवर छोटा युनिट मीटर बसवून घ्या आणि सगळे बाहेर असाल तो एक पूर्ण दिवस गिझर नुसता चालू ठेवा. जेवढे युनिट पडतील तेवढीच टायमरची कमाल बचत. त्यापुढे टायमर काही करू शकत नाही.

दुसरा हिशेब पाठ करून ठेवा: १ युनिटमध्ये ८६० लिटर पाणी १ अंशाने तापतं. म्हणजे ५० लिटर पाणी २२ वरून ६० अंशांवर न्यायला २.२ युनिट लागणार, आणि २ किलोवॅटच्या कॉइलला तास उलटून जाणार. तुमचा अर्धा तास इथेच कमी पडला.

टायमर १६ अँपिअरचाच घ्या. गिझर ९ अँपिअरच्या आसपास ओढतो. हलका टायमर तापून वितळतो. जळालेले सॉकेट मी पुष्कळ बदललेत.

उबदार_खोली
बचतीच्या नादात थर्मोस्टॅट (पाणी किती अंशांपर्यंत तापवायचं ते ठरवणारं बटण) ४५-५० वर आणून ठेवू नका. साठवलेलं पाणी बराच वेळ कोमट राहिलं की त्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात, आणि वयस्कर माणसाला त्याचा धोका जास्त. टाकी ६० ला तापू द्या. पण ६० अंशांचं पाणी थेट अंगावर आलं तर काही सेकंदांत भाजतं, म्हणून आईंच्या नळाला मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गरम पाण्यात गार मिसळून सोसेल इतकंच गरम पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, बसवाच.

हीटरचं गणित वेगळं नाही. खोली रात्रभर एकाच तापमानाला ठेवण्यापेक्षा झोपताना दोन-तीन अंश खाली आणा आणि त्या उठायच्या तासभर आधी वर घ्या. दाराखालची फट मात्र आधी बुजवा. माझ्या आईच्या खोलीत गुंडाळलेली चादर दाराशी सरकवली आणि हीटर पुन्हा चालू होतानाचा 'टक' आवाज बराच उशिरा यायला लागला.

पहाटपाळी
दोघांचेही मनापासून आभार. मोजलं. नुसता चालू ठेवला त्या दिवशी १.५ युनिट गेले. थर्मोस्टॅट ७५ वर होता, कुणी कधी पाहिलाच नव्हता! ६० वर आणून पुन्हा मोजलं तर १.१. नवऱ्याने स्वतः आकडा वाचला, तेव्हा कुठे पटलं.

मग अंघोळीचा हिशेब केला. शॉवर बादलीत सोडून घड्याळ लावलं, मिनिटाला ११ लिटर. ४० लिटरची एक अंघोळ म्हणजे पाऊण युनिटाच्या वर, आणि आम्ही चौघं. म्हणजे टाकीच्या गळतीपेक्षा तिप्पट वीज अंगावरून वाहून जात होती, आणि मी टायमरवरून भांडत होते. ७ लिटरचा शॉवर बसवला. मुलीला फरक कळलाही नाही.

आता टायमर पहाटे सव्वाचार ते सात, आणि पुन्हा साडेनऊ ते अकरा. आईसाठी मुद्दाम वीस मिनिटं जास्त ठेवलीत, तिथे काटकसर नको. व्हॉल्व्ह बसला. काल तिने हाक मारून सांगितलं, "आज पाणी छान होतं गं."

तारजोडणी
उत्तम. एकदा टाकी उघडून आतला मॅग्नेशियमचा रॉडही बघून घ्या. तो झिजून संपला की टाकी गंजायला लागते.