नवा स्टीरिओ बसवल्यावर गाडीतला आवाज कमी का झाला असावा?

घाटवाट (प्रश्न)

माझ्याकडे 2013 सालची हॅचबॅक आहे. तिच्यात कंपनीने बसवलेला साधा सीडी-एफएम स्टीरिओ होता. सीडी प्लेअर बंद पडल्यामुळे गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून सात इंची टचस्क्रीनचा अँड्रॉइड स्टीरिओ बसवून घेतला. चार दारांतले चार स्पीकर मूळचेच ठेवले आहेत आणि गाडीत वेगळा ॲम्प्लिफायर पूर्वीही नव्हता, आताही नाही.

जुन्या स्टीरिओचा आवाज 30 पैकी 15 वर ठेवला तरी गाडी भरून जात असे. नव्यावर तो 40 पैकी 32 पर्यंत न्यावा लागतो आणि तरीही आवाजाला वजन येत नाही. तबल्यातला डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि गायकाचा आवाज समोरून येण्याऐवजी कुठून येतो हेच कळेनासे झाले आहे. एफएमवर परिस्थिती थोडी बरी आहे. ब्लूटूथवर मात्र आवाज फारच क्षीण येतो. दुकानदाराने कपलर (गाडीच्या मूळ तारांना नवा स्टीरिओ थेट जोडणारा तयार सॉकेट) न वापरता मूळच्या तारा कापून, पिळून, वरून टेप गुंडाळली आहे. त्याचे म्हणणे असे की खोक्यावर लिहिलेल्या 50 वॅट गुणिले चार एवढ्या ताकदीला मूळचे स्पीकर पुरे पडत नाहीत, म्हणून स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दोन्ही घ्यावेत. हा खर्च करण्याआधी काय तपासावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रेडिओप्रेमी

15 आणि 32 या आकड्यांची तुलना करू नका. आवाजाच्या पायऱ्या किती ठेवायच्या आणि कोणत्या पायरीवर किती जोर द्यायचा हे प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने ठरवतो.

एफएम बरे आणि ब्लूटूथ क्षीण, हा फरक फोनकडे बोट दाखवतो. ब्लूटूथवर फोनचा आवाज आणि स्टीरिओचा आवाज हे दोन वेगळे नळ असतात, आणि पहिला अर्धा बंद असेल तर दुसरा कितीही सोडला तरी धार बारीकच राहते. स्टीरिओशी जोडलेले असताना फोनचा मीडिया व्हॉल्यूम पूर्ण वाढवून पाहा. अँड्रॉइड फोन असेल तर फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ नावाचा पर्याय सापडेल. तो चालू केल्यावर दोन्हींचे नियंत्रण वेगळे होते आणि पुष्कळ स्टीरिओंवरची ही तक्रार तेवढ्यानेच मिटते. स्टीरिओच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्रोताची पातळी वेगळी ठरवण्याची सोय असल्यास तीही एकदा नजरेखालून घाला.

तांब्याची_तार

रेडिओप्रेमी यांनी सांगितलेले जरूर करा, परंतु डग्गा हरवणे आणि गायक कुठे उभा आहे ते न कळणे ही लक्षणे फोनची नाहीत. समोरच्या दोन स्पीकरांपैकी एकाची जोडणी उलटी झाली असावी, असा माझा दाट संशय आहे. तसे झाले की एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा आत जातो. खालच्या स्वरांच्या लाटा लांब असल्यामुळे त्या गाडीच्या छोट्या जागेत एकमेकींना मारतात. वरच्या स्वरांचे तितके नुकसान होत नाही, म्हणून आवाज चालू आहे पण पातळ आहे असे वाटत राहते. आवाज वाढवून यात काही साधत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच वाढतात.

याची खात्री करायला पैसा लागत नाही. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारे सेटिंग) पूर्ण पुढे घ्या, ब्लूटूथऐवजी पेनड्राइव्हवरचे खर्ज असलेले गाणे लावा आणि बॅलन्स (डाव्या-उजव्या स्पीकरांत आवाज वाटणारे सेटिंग) मधोमध असताना ऐका. मग बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या. वास्तविक एक स्पीकर बंद झाल्यावर आवाज उतरला पाहिजे. तो उलट भरदार झाला, तर जोडणी उलटी आहे हे नक्की समजा. मागच्या दोन दारांचीही अशीच परीक्षा घ्या आणि शेवटी पुढची व मागची जोडी एकमेकींशी ताडून पाहा.

नव्या स्टीरिओच्या तारांचे रंग बहुतेक ठरलेले असतात: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती ऋण तार. गाडीच्या मूळ तारांना मात्र हा नियम लागू नाही, त्यामुळे कपलर न लावता अंदाजाने जोडणाऱ्याच्या हातून एखादी जोडी उलटी होणे अगदी शक्य आहे. उलटी कोणती हे ओळखायचे असेल तर त्या स्पीकरच्या दोन्ही तारा आधी स्टीरिओपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन तारेला लागले तर पडदा बाहेर उसळतो. जाळीतून टॉर्च मारल्यास ते दिसते. स्टीरिओ जोडलेला असताना मात्र सेल लावू नका. तसेच स्पीकरची कोणतीही तार गाडीच्या बॉडीला टेकू देऊ नका. आजच्या स्टीरिओंमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो, त्यामुळे ऋण तारेला अर्थिंगची तार समजणे धोक्याचे आहे.

घाटवाट

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेताच डग्गा परत आला आणि उजवीकडे नेल्यावरही तसाच ऐकू आला. मधोमध ठेवले की पुन्हा नाहीसा. ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनकडून डॅशबोर्ड उघडून घेतला. पांढरी आणि काळ्या रेघेची पांढरी या दोन तारांची अदलाबदल झाली होती. त्या सरळ केल्यावर आवाज समोर, काचेच्या मध्यावर येऊन बसला. फोनवरचा पर्याय बदलल्याने ब्लूटूथही सुधारले.

आता 24-25 वर पुरेसे ऐकू येते. परंतु 30 च्या पुढे गेल्यास खर्जाच्या ठोक्यासरशी स्क्रीनचा उजेड किंचित मंदावतो आणि आवाज फाटतो. याला ॲम्प्लिफायर हाच उपाय आहे का?

जुनी_गाडी_नवे_सूर

माझे मत दुकानदाराच्या बाजूचे आहे, मात्र कारण वेगळे. खोक्यावरचे 50 वॅट हा क्षणिक कमाल आकडा असतो. 14.4 व्होल्टवर चालणाऱ्या स्टीरिओमधून 4 ओहमच्या स्पीकरला सलग मिळणारी ताकद साधारण 14 ते 22 वॅटच्या घरात असते, आणि नामांकित कंपन्यांच्या माहितीपत्रकात ती बारीक अक्षरात छापलेलीही असते. द्रुतगती मार्गावर काचा खाली करून ऐकायचे असेल तर ॲम्प्लिफायरला पर्याय नाही.

तांब्याची_तार

आकड्यांबद्दल दुमत नाही, निष्कर्षाबद्दल आहे. वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. 88 डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे तेवढ्याच ताकदीत किती मोठा वाजतो त्या मापाच्या) स्पीकरऐवजी 91 चा स्पीकर बसवला तर ॲम्प्लिफायर न घेताही ताकद दुप्पट केल्याइतकाच फरक पडतो. खर्च करायचाच असेल तर आधी पुढच्या दोन स्पीकरांवर करावा आणि दाराच्या पत्र्यावर डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारा थर) चिकटवून घ्यावी, असे मला वाटते.

घाटवाट, स्क्रीन मंदावणे हा मात्र वीज अपुरी पडत असल्याचा पुरावा आहे. आवाजासाठी लागणारा मोठा प्रवाह पिवळ्या तारेतून येतो. लाल तार फक्त किल्ली फिरवल्याची खबर देते. बॅटरी उतरू नये म्हणून काही ठिकाणी दोन्ही तारा एकत्र पिळून किल्लीवरच्या बारीक तारेला जोडतात, आणि मग मोठ्या आवाजाला ती तार पुरत नाही. इंजिन चालू ठेवून आधी बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग जोराचे गाणे लावून स्टीरिओच्या पिवळ्या व काळ्या (अर्थिंगच्या) तारेत मोजा. दोन्हींत एक व्होल्टपेक्षा जास्त तफावत आली तर पिवळ्या तारेसाठी बॅटरीपासून फ्यूज लावून स्वतंत्र जाड तार ओढून घ्या. काळ्या तारेचा स्क्रू रंगावर न बसवता खरवडलेल्या पत्र्यावर बसवा. पिळलेले सांधेही त्याच वेळी सोल्डर करून त्यांवर हीट श्रिंक (उष्णतेने आक्रसून घट्ट बसणारी नळी) चढवून घ्यावी, कारण उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमागे टेपचा डिंक सुटतो.

घाटवाट

पिवळी आणि लाल तार एकत्रच पिळलेली आहे. बॅटरीवर 14.1 आणि स्टीरिओपाशी ठोक्याला 11.6 पर्यंत खाली येते. येत्या रविवारी स्वतंत्र तार ओढून घेतो. ॲम्प्लिफायरचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे.