मदत हवी आहे: पुस्तकांच्या कपाटाला कोणता प्लाय?

नमस्कार. स्वतःच्या हाताने पुस्तकांचं कपाट करतोय. मागच्या वेळी फळ्यांना 12 मिमी प्लाय वापरला होता. तीन फुटी फळी वर्षभरात मधोमध वाकली. आता फळ्या 18 मिमीच्या आणि पाठीला 6 मिमी, असं ठरवलंय. पण तीन फुटांना 18 पुरेल का, की पुढच्या कडेला लाकडाची उभी पट्टी मारावी? मधे आधार दिला तर मोठी पुस्तकं बसत नाहीत.

खोली कोरडी आहे, म्हणून एमआर ग्रेड (घरातला दमटपणा सहन करणारा साधा प्लाय) चालेल असं वाटतं. सिंकखालच्या कपाटाला मात्र बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लायच घ्यावा ना?

एका शीटच्या कडेला थरांमध्ये नख जाईल एवढी फट दिसली. तिथे स्क्रू धरेल का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा, कापायच्या आधी ठरवायचंय.