शब्दचर्चा : संगणनाचा वेळ ‘पटीने’ वाढतो, ‘घातांकी’ वाढतो की ‘वर्गाच्या प्रमाणात’?

विचारणा

पतसंस्थेच्या सभासदयादीतील दुबार नोंदी शोधणाऱ्या आज्ञावलीची मराठी माहितीपुस्तिका मी लिहीत आहे. ही आज्ञावली प्रत्येक नाव उरलेल्या प्रत्येक नावाशी ताडून पाहते. यादी मोठी झाली तर काम संपायला किती वेळ लागेल, याचा अंदाज कर्मचाऱ्यांना आधी बांधता यावा म्हणून पुस्तिकेत एक नेमके वाक्य हवे आहे. मसुदा वाचणाऱ्यांनी तीन पर्याय सुचवले आहेत : ‘नोंदी वाढल्यास वेळ अनेक पटींनी वाढतो’, ‘वेळ घातांकी पद्धतीने वाढतो’ आणि ‘वेळ भूमिती श्रेढीने वाढतो’. वर्तमानपत्रांत हे तिन्ही प्रयोग जवळजवळ एकाच अर्थाने आढळतात. त्यांच्या अर्थांत खरोखर फरक आहे का, आणि येथे कोणता योग्य ठरेल?

प्रतिसाद १

फरक आहे, आणि आपल्या उदाहरणाला या तिन्हींपैकी एकही प्रयोग नेमका बसत नाही.

आधी हिशेब पाहू. प्रत्येक नाव उरलेल्या प्रत्येकाशी एकदा ताडायचे, तर १०,००० नावांसाठी ४,९९,९५,००० तुलना कराव्या लागतात. नावे ४०,००० झाली, तर तुलना ७९,९९,८०,००० होतात. नावे चौपट आणि काम सोळापट, असा हा संबंध आहे. समजा पहिल्या यादीला ५ मिनिटे लागली, तर त्रैराशिक मांडणारा दुसऱ्या यादीसाठी २० मिनिटे सांगेल. प्रत्यक्षात सुमारे १ तास २० मिनिटे लागतील. याला मराठीत ‘वर्गाच्या प्रमाणात’ असा सरळ शब्दप्रयोग उपलब्ध आहे आणि तो शाळेच्या बीजगणितापासून सर्वांच्या ओळखीचा आहे.

‘अनेक पटींनी’ हा प्रयोग चुकीचा नाही, पण त्यावरून अंदाज बांधता येत नाही, कारण किती वाढीला किती पट, हे त्यात सांगितलेलेच नसते.

‘घातांकी’ या शब्दाचा अर्थ मात्र ठरलेला आहे. जी संख्या वाढत जाते तीच घातांकाच्या जागी असेल, तरच वाढ घातांकी म्हणावी. ‘न’चा वर्ग यात घातांक २ हा स्थिर आहे आणि पाया बदलतो, २ चा ‘न’वा घात यात पाया स्थिर आहे आणि घातांक बदलतो. दोन्हींत घातांक आहे म्हणून दोन्हींना घातांकी म्हणणे, हेच सध्याच्या सैल वापराचे मूळ आहे. भूमिती श्रेढीत प्रत्येक पुढचे पद मागच्या पदाला एकाच संख्येने गुणून मिळते. म्हणजे ती घातांकी वाढच, फक्त टप्प्याटप्प्याने मोजलेली. त्यामुळे आपल्याकडे आलेला तिसरा पर्याय हा दुसऱ्याचेच जुने नाव आहे.

खरी घातांकी वाढ पाहायची असेल, तर हिशेबनीसांना भेडसावणारा एक प्रश्न घ्यावा : काही देयकांपैकी नेमक्या कोणत्या देयकांची बेरीज खात्यात जमा झालेल्या रकमेइतकी होते? सगळे संभाव्य संच तपासायचे ठरवले, तर ३० देयकांचे १,०७,३७,४१,८२४ संच होतात. सेकंदाला एक कोटी संच तपासणाऱ्या यंत्राला त्यासाठी सुमारे पावणेदोन मिनिटे लागतील. देयके ६० झाली, तर त्याच यंत्राला सुमारे ३,६५० वर्षे लागतील. वर्गाच्या प्रमाणात वाढणाऱ्या कामात दुपटीला चौपट होते, तर येथे प्रत्येक नव्या देयकागणिक काम दुप्पट होते. या दोन गोष्टींना एकच विशेषण लावले, तर रात्रभर थांबून संपणारे काम कोणते आणि त्या रीतीने हाती घेऊच नये असे काम कोणते, हे वाचकाला कळण्याचा मार्ग बंद होतो.

प्रतिसाद २

वरील विवेचन मान्य आहे. त्यात ‘त्रैराशिक’ या शब्दाविषयी थोडी भर घालते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लीलावतीत त्रैराशिक, व्यस्त त्रैराशिक आणि पंचराशिक यांच्या रीती दिल्या आहेत, आणि आपल्या शालेय अंकगणितातील काळ-काम-वेगाची उदाहरणे त्याच परंपरेतली आहेत. त्या उदाहरणांत दोन गृहीतके न बोलता धरलेली असतात. पहिले, काम दुप्पट झाले तर वेळ दुप्पट होतो. दुसरे, माणसे दुप्पट लावली तर वेळ निम्मा होतो. संगणनाच्या अंदाजात दोन्ही गृहीतके स्वतंत्रपणे तपासावी लागतात.

दुसऱ्या गृहीतकाची मर्यादा संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिली. एखाद्या कामाचा ५ टक्के भाग वाटून देता येत नसेल आणि तो एकापाठोपाठ एकच करावा लागत असेल, तर २० प्रोसेसर लावूनही वेग दहापटीच्या किंचित वर जातो, आणि कितीही प्रोसेसर लावले तरी वीसपट ओलांडत नाही. म्हणून ‘वेळ प्रोसेसरांच्या व्यस्त प्रमाणात घटतो’ हे वाक्य केवळ वाटता येणाऱ्या भागापुरतेच लिहावे.

प्रतिसाद ३

‘वर्गाच्या प्रमाणात’ हे शब्द कशाच्या वर्गाबद्दल आहेत, ते वाक्यात आलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. संगणनशास्त्रात ज्याला आदानाचा (म्हणजे संगणकाला दिलेल्या माहितीचा) आकार म्हणतात, तो ठरवल्याशिवाय वाढीविषयीचे कोणतेही विधान अपुरे राहते.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहण्याची जुनी रीत घ्या. संख्येच्या मानाने पाहिले, तर काम वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि ते फारच सौम्य वाटते. परंतु संगणकाला दिली जाते ती अंकांची माळ, आणि अंकांची संख्या हाच येथे आदानाचा आकार आहे. त्या दृष्टीने पाहिले, तर दर दोन अंक वाढले की काम दहापट होते, म्हणजे वाढ घातांकी आहे. एकाच रीतीविषयीची ही दोन्ही विधाने खरी आहेत; फक्त ‘कशाच्या मानाने’ हे बदलले आहे. कानपूरच्या आयआयटीतील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिलेल्या रीतीचे महत्त्व याच भेदात आहे : अंकांच्या संख्येच्या मानाने तिचे काम बहुपदीच्या (म्हणजे त्या संख्येच्या एखाद्या स्थिर घाताच्या) मर्यादेत राहते, आणि ही हमी कोणत्याही सिद्ध न झालेल्या गृहीतकावर टेकलेली नाही.

‘बहुपदी’ आणि ‘घातांकी’ ही जोडी एकमेकांसमोर उभी राहते ती या अर्थाने. मराठी लेखनात ‘बहुपदी’ हा शब्द क्वचित येतो आणि ‘घातांकी’ मात्र उदंड येतो, हे मला सैल वापराचे मोठे कारण वाटते.

प्रतिसाद ४

पुण्याच्या हवामान संशोधनातील एक उदाहरण देतो, कारण तेथे ‘कशाच्या मानाने’ हा प्रश्न फार ठळकपणे उभा राहतो. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही हवामान-अंदाजाची प्रणाली सुमारे ६ किलोमीटरच्या जाळीवर चालते, म्हणजे तिचे गणित एकमेकांपासून तेवढ्या अंतरावरच्या बिंदूंवर होते. आधीचे जागतिक प्रारूप सुमारे १२ किलोमीटरच्या जाळीवर चालत असे. वाचणाऱ्याला वाटते की बारकावा दुप्पट झाला, म्हणजे गणितही दुप्पट झाले असेल. पण पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन्ही दिशांना अंतर निम्मे झाल्यामुळे जाळीचे बिंदू चौपट होतात. शिवाय कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्ये मांडलेल्या अटीनुसार, बिंदूंमधले अंतर कमी केले की काळाची पायरीही त्याच प्रमाणात लहान घ्यावी लागते. म्हणून ढोबळ हिशेबाने काम आठपट होते, आणि वातावरणाचे उभे थरही दुप्पट केले तर सोळापट. काही गणिती रीतींमध्ये काळाच्या पायरीचे बंधन सैल करता येते, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ याहून कमी असू शकते.

आता यंत्राच्या बाजूने पाहावे. या संस्थेतील ‘प्रत्यूष’ या महासंगणकाची क्षमता ४ पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला १ वर १५ शून्ये इतक्या गणिती क्रिया) होती आणि २०२४ मध्ये आलेल्या ‘अर्क’ची ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आठपट कामाच्या अंदाजासमोर तिप्पट यंत्र ठेवले की, जाळीची रचना आणि गणिताची रीत यांवर इतके कष्ट का घ्यावे लागतात, ते आपोआप उलगडते. ‘जाळीतील अंतर निम्मे केल्यास काम आठपट’ हे वाक्य ‘काम प्रचंड वाढते’ या वाक्यापेक्षा लांबही नाही आणि अवघडही नाही. तरीही बातम्यांत दुसरेच वाक्य येते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद ५

आणखी एका वाढीला चुकून ‘घातांकी’ म्हटले जाते. सर्व्हरवरील भार वाढत जाऊन त्याच्या क्षमतेजवळ पोहोचला की उत्तर मिळायला लागणारा वेळ एकदम चढतो. रांगांच्या गणितातील सर्वांत सोप्या प्रारूपात हा वेळ शिल्लक क्षमतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. सर्व्हर ५० टक्के व्यग्र असेल, तर मोकळ्या सर्व्हरच्या दुप्पट वेळ लागतो. ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. ही वाढ घातांकीही नाही आणि वर्गाच्या प्रमाणातही नाही. तिला ‘शिल्लक क्षमतेच्या व्यस्त प्रमाणात’ असेच म्हणावे.

प्रतिसाद १ देणाऱ्यांकडून पुन्हा

रीत माहीत नसताना घात कसा ओळखावा, याचा उल्लेख राहिला होता, तो येथे करतो. तेच काम क्रमाने दुप्पट होत जाणाऱ्या याद्यांवर चालवावे आणि वेळांची गुणोत्तरे पाहावीत. दुपटीला दुप्पट वेळ लागत असेल तर साधे समप्रमाण, चौपट लागत असेल तर वर्ग, आठपट लागत असेल तर घन. गुणोत्तर दोनाच्या किंचित वर राहत असेल, तर बहुधा आधी यादीची क्रमवारी लावणारी रीत आहे. आपल्या यादीतही तसे करता येईल : नावे अकारविल्हे लावून केवळ शेजारची नावे ताडली, तर नावे चौपट झाल्यावर काम साडेचारपटीहून थोडेच जास्त होते. मात्र ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘ग्यानेश्वर’ अशा नोंदी त्या क्रमवारीत दूर पडतात, म्हणून ही सोय प्रत्येक यादीला पुरेशी नसते.

गुणोत्तर पूर्णांक असावेच असेही नाही. मोठ्या संख्यांच्या गुणाकाराला अंकसंख्येच्या वर्गाइतके काम लागणारच, असा रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांचा कयास होता. १९६० मध्ये मॉस्कोत अनातोली कारात्सुबा या तरुण विद्यार्थ्याने अशी रीत शोधली की अंक दुप्पट झाल्यावर काम चौपट न होता तिप्पटच होते. तिचा घातांक सुमारे १.५८५ आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. पुस्तिकेत आता पुढील वाक्य घालत आहे : ‘या आज्ञावलीला लागणारा वेळ यादीतील नोंदींच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, नोंदी दुप्पट झाल्यास वेळ सुमारे चौपट धरावा.’ घातांकी हा शब्द काढून टाकला आहे.

प्रतिसाद ४ देणाऱ्यांकडून पुन्हा

वाक्य उत्तम झाले आहे. त्याच्यापुढे ‘संपूर्ण यादी संगणकाच्या मुख्य स्मृतीत मावत असेल तोपर्यंत’ एवढी अट जोडावी, असे सुचवतो. यादी स्मृतीत मावेनाशी होऊन डिस्कवरून पुन्हा पुन्हा वाचावी लागली, की तुलनांची संख्या वर्गाच्या प्रमाणातच राहते, पण प्रत्येक तुलनेचा वेळ वाढतो, आणि मग चौपटीचा अंदाज कमी पडतो.