डिजिटल काटा, ६०० रुपयांत कुठला घ्यावा?

टिळकवाडीची: स्वयंपाकघरातला काटा बंद पडला. ६०० च्या आत, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा कुणी वापरलाय का? खडे बाजारात मिळत असेल तर आजच आणते. गणपतीपासून ११ किलो उतरवलेत, रोजचं ॲपमध्ये लिहिते. काल काटा नव्हता म्हणून जेवलेच नाही, अंदाजानं भात घ्यायची भीती वाटली.

निपाणीकर: ६०० च्या नादाला लागू नका ओ. माझा १८०० चा आहे, स्टीलचा, चार्जिंगवाला. तीन वर्षांत एकदा चुकला नाही. स्वस्तातल्यांचे सेल उतरले की आकडा नाचतो.

खानापूरचा पळणारा: काटा कुठलाही घ्या, पण तांदूळ कच्चा मोजा. १०० ग्रॅम तांदळात साधारण ३५० कॅलरी, १०० ग्रॅम भातात १३० च्या आसपास. निम्मे लोक इथंच चुकतात.

शहापूरची काकू: रात्रीचा भात बंद कर आणि ज्वारीची भाकरी खा. माझे ६ किलो असेच उतरले, काटा लागला नाही की ॲप लागलं नाही.

निपाणीकर: भाकरीनं वजन उतरत नाही काकू, पीठ ते पीठच. आणि १८०० जास्त वाटत असतील तर दिवाळीच्या सेलपर्यंत थांबा.

अनगोळची: काट्याचं जरा राहू दे. “जेवलेच नाही” हे कुणी वाचलं की नाही? माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं. चुलतबहिणीच्या लग्नात पंगतीतून ताटातला मांडा, ती गोड पातळ पोळी, घेऊन ती उठली. आईनं शोधलं तर आतल्या खोलीत ट्रंकेवर बसलेली, पर्समधून काढलेला काटा मांडीवर, मांड्याचे तुकडे करून एकेक मोजत होती. एप्रिलच्या उन्हात अंगात स्वेटर. वजन ५४ किलो, त्यामुळं कुणाला आजारी वाटलीच नाही. उलट सगळे “छान बारीक झालीस” म्हणायचे. पाळी तीन महिने बंद होती, ते आम्हाला नंतर कळलं. धारवाडच्या डिमहान्समध्ये, मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, दीड वर्ष उपचार चालले. आता पंगतीत बसते. तुझी पाळी नीट येते का गं? चक्कर, केस गळणं?

खानापूरचा पळणारा: हे वाचून माझं वरचं उत्तर अर्धवट वाटतंय. मीही कॅलरी मोजतो. रोज ५०० कमी, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास. रविवारी सासुरवाडीला मटण झालं की लिहीतही नाही, आणि रात्री झोप लागते. हिशोब मोडल्यावर जेवणच टाळावंसं वाटत असेल तर ते डाएट राहिलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी धरल्यात. ॲपनं तुम्हाला किती दिल्यात?

टिळकवाडीची: बऱ्याच कमी. पाळी दोन महिने आली नाही. जिमचे सर म्हणाले, चरबी घटली की असं होतं, आणि भूक लागली की समजायचं, जळतंय.

अनगोळची: त्यांचं ऐकू नकोस. पाळी थांबणं म्हणजे अंगाला पुरत नाही, शरीर बचत करतंय. आणि सारखं खाण्याचंच डोक्यात फिरतं ना? अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, त्यांच्याही डोक्यात जेवणच फिरायचं, काही जण पाककृती जमवत बसले. यात तुझा दोष नाही. तो काटा मात्र घेऊ नकोस.

शहापूरची काकू: भात बंद कर म्हटलं ते मागं घेते. शहापूरला ये, मी वाढते.

टिळकवाडीची: काटा घेतला, ५५० चा. रागावू नका, तो नसला की मी जेवतच नाही हे काल कळलं. आईला आज पाळीचं सांगितलं. मंगळवारी दोघी डॉक्टरकडं जातोय. आज भात तिनं वाढला, मोजला मी. सगळा खाल्ला.

अनगोळची: बरं केलंस. मंगळवारपर्यंत जीव घाबरला तर १४४१६ ला फोन कर. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात. मराठीतूनही बोलता येतं.