चिकन मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणं: उपयोग आहे की नुसता सोपस्कार?

ओट्यावरचा उपद्व्यापी
सध्या जो उठतो तो चिकन मिठाच्या पाण्यात बुडवतोय, म्हणजे ब्रायनिंग करतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. ब्रॉयलरचा छातीचा पीस तव्यावर, ग्रिलवर किंवा एअर फ्रायरमध्ये करणार असाल तर ब्रायनिंग कराच. रस्सा करणार असाल तर त्या भानगडीत पडू नका.

ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. त्याच्या छातीत ना चरबी, ना चिवट पडदे. जरा जास्त शिजली की चोथा. मिठामुळे स्नायूंमधलं मायोसिन नावाचं प्रथिन सैल होतं, फुगतं आणि पाणी धरून ठेवतं. मग आचेवर मांस आवळलं तरी सगळा रस बाहेर पडत नाही.

प्रमाण: 1 लिटर पाण्याला 50 ते 60 ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून. बोनलेस तुकड्यांना अर्धा-पाऊण तास, अख्ख्या छातीला दीड-दोन तास, सव्वा किलोच्या सोललेल्या कोंबडीला चार तास. फ्रीजमध्येच, ओट्यावर नाही. बाहेर काढल्यावर कोरडं पुसून घ्या, नाहीतर तेलात तडतडेल आणि रंगही धरणार नाही. मसाल्यात परत मीठ घालू नका. ते पाणी दुसऱ्यांदा वापरायचं नाही, हेही सांगून ठेवतो; काटकसरी लोक इथेही आहेत.

तांबडा आधी
अहो, हळद-मीठ आणि आलं-लसूण लावून चिकन ठेवायची पद्धत घराघरात आहे. तेही मीठच की! बादलीभर पाणी तेवढं नाही. पाण्यात बुडवलेल्या चिकनला एक पाणचट चव येते. दाताखाली ओलं लागतं, पण कोंबडी खाल्ल्यासारखं वाटत नाही. नळाचं पाणी आत भरायचं आणि त्याला रसाळ म्हणायचं, कमाल आहे.

ओट्यावरचा उपद्व्यापी
पाणचट लागतं हे थोडं मान्य. वजन दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं आणि ते पाणीच असतं. पण तुमचं हळद-मीठ तासभर राहतं, तेवढ्यात जाड छातीच्या मध्यापर्यंत मीठ पोचतच नाही. एक तुकडा मधोमध कापून बघा. हळदीचा पिवळा रंग कडेला नखाएवढा आणि आत पांढरं फटक. अर्थात हळद रात्रभर ठेवली तरी आत जाणार नाही, मीठ मात्र जातं. म्हणजे तुमची पद्धत बरोबर, वेळ अपुरा.

परसातली तुळस
घरात बीपीची दोन माणसं आहेत. ही असली फॅडं आमच्या कामाची नाहीत. दही, लिंबू, रात्रभर फ्रीज. लोण्यासारखं होतं.

ओट्यावरचा उपद्व्यापी
तुळसताई, बीपी असेल तर नका करू, त्यावर वाद नाही. पण दह्या-लिंबात रात्रभर ठेवलेली छाती वरून पिठूळ होते, आतून तशीच राहते. आंबट काही आत फार जात नाही. कच्च्या पपईचंही तेच. आणि दह्यात तुम्ही मीठ घालत असालच ना? मग आतपर्यंत गेलं ते तेच.

परसातली तुळस
मीठ घालते, पण चिमूटभर. आणि पिठूळ झालं तर घरचे बोलले असते, ते काही गप्प बसणाऱ्यातले नाहीत.

सातारा ते जर्सी
इकडे अमेरिकेत नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग आलं की टर्की ब्रायन करायची लाट येते. सहा-सात किलोचा पक्षी, तो मावेल एवढं पातेलं घरात नाही, फ्रीजमध्ये जागा नाही. शेजारीपाजारी बर्फ घातलेल्या कूलरमध्ये ठेवतात आणि रात्री उठून बर्फ बघतात. मी ते सोडून दिलं. आता किलोला 10-12 ग्रॅम मीठ आदल्या दिवशी सगळीकडून चोळते आणि फ्रीजमध्ये उघडंच ठेवते. आधी पाणी सुटतं, त्यात मीठ विरघळतं, मग ते पाणी परत आत जातं. कातडी वाळते म्हणून भाजल्यावर कुरकुरीत होते. ओल्या ब्रायनमध्ये कातडी मऊच राहते, आणि ट्रेमध्ये उतरलेला रस इतका खारट होतो की त्याची ग्रेव्ही करता येत नाही.

आणखी दोन गोष्टी. इकडच्या रेसिपीत ‘एक कप मीठ’ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा जाड कोशर मीठ. आपलं बारीक मीठ त्याच कपात जवळजवळ दुप्पट वजनाचं बसतं. ती रेसिपी बघून पुण्यात कुणी केलं तर चिकन फेकून द्यावं लागेल. आणि इथल्या पाकिटांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की यात इतके टक्के मिठाचं द्रावण आहे. असं पाकीट आणून परत ब्रायन करायचं म्हणजे खारट चिकनची हमी.

तांबडा आधी
म्हणजे चोळून ठेवणंच बरं! जर्सीताई, हेच मी वर बोललो होतो.

वडे आणि वाट
तुम्ही सगळे चुकीच्या गोष्टीला श्रेय देताय. आपल्याकडे चिकनवाला समोर कापून देतो. रविवारी अकराला आणलं, बाराला कुकरात. कापल्यावर पहिले काही तास स्नायू आखडलेले असतात, त्या वेळात शिजवलं की चिवट होणारच. तेच चिकन फ्रीजमध्ये पाच-सहा तास ठेवा, मऊ होतं. मिठाच्या पाण्यात चार तास ठेवलं म्हणून मऊ झालं असं तुम्हाला वाटतं. मला तर ते नुसतं चार तास थांबण्याचं फळ दिसतं. अमेरिकेतलं चिकन दुकानात येईपर्यंत हे आखडणं संपलेलं असतं, म्हणून तिकडच्या लेखांत हा मुद्दा क्वचितच येतो.

आणि गावरान कोंबडी ब्रायन करून बघा एकदा. वर्षभर अंगणात पळालेल्या कोंबडीतलं कोलॅजन, म्हणजे मांस बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, मिठाला दाद देत नाही. तिला मंद आचेवर दीड-दोन तासच लागतात. वड्यांबरोबर तीच खायची असते, हे रसाळ-बिसाळ तिच्या वाटेला जातच नाही.

ओट्यावरचा उपद्व्यापी
गावरानबद्दल शंभर टक्के बरोबर. थांबण्याचा मुद्दाही तगडा आहे, पण मऊपणा वेगळा आणि रसाळपणा वेगळा. थांबल्याने मऊ होईल, पाणी धरून ठेवायची ताकद वाढणार नाही. तपासणं सोपं आहे. एकाच कोंबडीच्या छातीचे दोन भाग घ्या. एक मिठाच्या पाण्यात, एक तसाच डब्यात, दोन्ही फ्रीजमध्ये तितकाच वेळ. एकाच तव्यावर भाजा आणि आधी-नंतर वजन करा.

सुट्टीतला बल्लव
आजच केलं. भाजताना थर्मामीटर खुपसून दोन्ही 74 अंशांना उतरवले. सुरीने कापताना दोन्ही सारखेच मऊ. पण साध्या पीसचं वजन बरंच जास्त घटलं, आणि दुसऱ्या घासाला पाणी प्यावंसं वाटलं. बायकोला न सांगता दोन्ही वाढले; तिने ब्रायनवाला उचलला, आणि वर म्हणाली की याला मसाला कमी लागलाय.

वडे आणि वाट
मग मऊपणाचं श्रेय थांबण्याला, मी म्हटलं तेच. आणि ब्रायनवाला आधीच पाणी पिऊन जड झाला होता. वजन कुठल्या क्षणापासून धरलंत? बुडवण्याआधीचं धरा, मग बोलू.

तांबडा आधी
आणि तिसरा पीस कुठाय? मीठ चोळून रात्रभर ठेवलेला? त्याच्याशिवाय हा निकाल मी मानत नाही.

सुट्टीतला बल्लव
कोंबडीला छातीचे भाग दोनच असतात हो. पुढच्या रविवारी एक मिठाच्या पाण्यात आणि एक चोळून ठेवतो. वजन बुडवण्याआधीच करतो.