जुन्या ट्रकचा टेप आवाज वाढवला की बंद पडतो, मदत हवी आहे

मंडळी, ऊस वाहतुकीचा जुना ट्रक आहे, २४ व्होल्टचा. टेप १२ व्होल्टचा, मध्ये १० अँपिअरचा कन्व्हर्टर. आवाज निम्म्यावर नेला की टेप बंद होऊन पुन्हा चालू होतो. शिवाय रेस दिली की स्पीकरमधून रेसबरोबर चढणारी शिट्टी येते.

मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर २७.८ व्होल्ट. आवाज वाढवल्यावर कन्व्हर्टरच्या तोंडाशी १२.९, पण टेपच्या मागे जेमतेम १०.४. लाल वायरीत ०.४ जातात, म्हणजे उरलेले २.१ काळ्या वायरीत. ती डॅशबोर्डच्या गंजक्या स्क्रूला आवळली आहे! केबिन ते चॅसिस अर्थपट्टीही (निगेटिव्ह जोडणारी पट्टी) हिरवी पडलीय.

उद्यमनगरात सल्ला मिळाला की १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकाच बॅटरीवरून १२ घ्या. ते नको. ती बॅटरी उतरत राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते.

तर विचारायचं असं: नुसती अर्थपट्टी बदलून भागेल, की टेपची काळी वायर ४ चौरस मिमीची करून थेट कन्व्हर्टरच्या निगेटिव्हला न्यावी? शिट्टी त्यानेच जाईल, का फिल्टर लागेलच? आणि टेपच्या मेमरीची (सेटिंग लक्षात ठेवणारी) पिवळी वायर कायम चालू ठेवली, तर आठवडाभर उभ्या ट्रकची बॅटरी कन्व्हर्टर खाईल का?